वावडिंग, तंबाखू आणि कृमींची जनुके

मराठी घरात मूल जन्मले की वाण्याच्या यादीत वावडिंग येते. तान्ह्या बाळाचे पाणी वावडिंग घालून उकळावयाचे, गुटीसाठी सहाणेवर हळकुंड, मुरडशेंग, अतिविष उगाळावयाचे, आणि मूल थोडे मोठे होऊन झोपेत दात खाऊ लागले की जंत झाले असे समजून डिकेमाली द्यावयाची, ही रीत आपल्या सीमाभागातही महाराष्ट्राइतकीच रुजलेली आहे. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ येथील असोत की चिकोडी-निपाणीकडच्या खेड्यांतील असोत, बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या आया-आज्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टर, जंतांवर आपलं गावठी औषध दिलं तर चालेल का?’’

या प्रश्नाचे उत्तर आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा दोनपैकी एका सुरात देतो. काही जण ‘ते सगळे थोतांड’ म्हणून हात झटकतात, तर काही जण ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ म्हणून मोकळे होतात. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कृमीच्या शरीरात वनस्पतिजन्य द्रव्य शिरल्यावर त्याच्या जनुकांच्या पातळीवर काय घडते, हे गेल्या काही दशकांत प्रयोगशाळेत पाहता येऊ लागले आहे. त्यातून दिसते ते असे, की ही द्रव्ये निष्प्रभ नाहीत आणि निरुपद्रवीही नाहीत. ती कृमीच्या जनुकांना हलवितात, आणि कृमीही त्यांना उत्तर देतो. ते उत्तर मरणाचे असेल की बचावाचे, हे पुष्कळ अंशी मात्रेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

परंपरेतील कृमिघ्ने

आयुर्वेदात कृमिरोगाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून चिकित्सेचे तीन मार्ग दिले आहेत. अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे कृमींना पोषक ठरणारी शरीरातील स्थिती मोडून काढणे आणि निदानपरिवर्जन म्हणजे रोगाचे कारणच टाळणे. वावडिंग, पळसाच्या बिया म्हणजे पळसपापडी, कपिला, किरमाणी ओवा, डाळिंबाच्या मुळाची साल ही या परंपरेतील प्रसिद्ध द्रव्ये.

रसायनशास्त्राने यांतील अनेकांची गुपिते उलगडली. किरमाणी ओव्यातील सँटोनिन हे तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ॲलोपॅथीतही गोल जंतांवरचे प्रचलित औषध होते. ते घेतल्यावर रुग्णाला सारे पिवळे दिसू लागे. पिपराझिनसारखी सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. डाळिंबाच्या सालीतील पेलेटिएरिन 1878 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ शार्ल तान्रे यांनी वेगळे केले आणि ते पट्टकृमींवर वापरले गेले. पळसपापडीत पॅलॅसोनिन सापडले, तर वावडिंगात एम्बेलिन. म्हणजे आपल्या पूर्वजांचे निरीक्षण पोकळ नव्हते. मात्र औषधाने जंत पडला एवढेच तेव्हा दिसत होते. जंताच्या आत काय झाले, हे पाहण्याची सोय नव्हती.

जनुकाचे ‘क्रियाशील’ होणे म्हणजे काय?

येथे वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी थोडे थांबणे आवश्यक आहे. शेतजमिनीचे मूळ दप्तर सरकारी कचेरीत असते. ते कोणी घरी नेत नाही. कर्ज काढावयाचे असो की वाटणी करावयाची असो, आपण त्या नोंदीचा उतारा काढतो आणि पुढचा व्यवहार उताऱ्यावर होतो. पेशीचेही तसेच आहे. मूळ दप्तर म्हणजे डीएनए. त्यातील एकेक नोंद म्हणजे जनुक. तिचा उतारा म्हणजे आरएनए, आणि त्या उताऱ्यावरून जे प्रत्यक्ष काम उभे राहते ते प्रथिन. एखाद्या जनुकाचे उतारे भराभर निघू लागले तर ते जनुक क्रियाशील झाले असे म्हणतात. उतारे थांबले तर ते शांत झाले. दप्तरातील एक अक्षरही न बदलता केवळ कोणत्या नोंदीचे किती उतारे निघाले यावरून पेशीचे वागणे बदलते.

हे उतारे मोजण्याची एक पद्धत आता सर्वांना नावाने तरी माहीत आहे. 2020 मध्ये घराघरांत पोहोचलेली ‘आरटी-पीसीआर’ तपासणी विषाणूचा आरएनए शोधत होती. त्याच तत्त्वावर कृमीला एखाद्या वनस्पतीच्या अर्कात ठेवून, त्याच्या अमुक जनुकाचे उतारे वाढले की घटले हे मोजता येते.

एक मिलिमीटरचा गुरू

पोटातील जंत प्रयोगशाळेत वाढविणे फार कठीण. अंकुशकृमीला माणसाचे आतडे लागते, हत्तीरोगाच्या कृमीला डास आणि माणूस असे दोन यजमान लागतात. म्हणून कृमींच्या जनुकांविषयीचे आपले बरेचसे ज्ञान ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ या, मातीत व कुजक्या पाल्यात राहणाऱ्या निरुपद्रवी सूत्रकृमीकडून आले आहे. हा जेमतेम एक मिलिमीटर लांब, पारदर्शक, जिवाणू खाऊन बशीत सुखाने वाढणारा आणि सुमारे तीन दिवसांत पुढची पिढी देणारा प्राणी आहे. सिडनी ब्रेनर यांनी तो अभ्यासासाठी निवडला. 1998 मध्ये त्याचे संपूर्ण जनुकीय दप्तर वाचून झाले. बहुपेशीय प्राण्यांत हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला. त्याची जनुके सुमारे वीस हजार, म्हणजे संख्येने जवळजवळ माणसाइतकीच.

या कृमीने आपल्याला दोन मोठे धडे दिले. पहिला धडा पेशींच्या नियोजित मरणाचा. त्याच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या 131 पेशी ठरलेल्या वेळी स्वतःला संपवितात. या मरणाची आज्ञा देणारी जनुके सापडली. ‘सेड-3’ हे मरण घडवून आणणारे, ‘सेड-9’ हे मरण रोखून धरणारे आणि ‘एगल-1’ हे तो अडसर काढून घेणारे. या कामाबद्दल ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना 2002 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा धडा उतारे अडविण्याचा. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये दाखविले की विशिष्ट दुहेरी आरएनए दिल्यास नेमका एखाद्या जनुकाचा उतारा नष्ट होतो (नोबेल 2006). पेशी स्वतःही हेच काम अतिसूक्ष्म अशा ‘मायक्रोआरएनए’ रेणूंकरवी करते, हे त्याआधी 1993 मध्ये याच कृमीत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्कुन यांनी शोधले होते (नोबेल 2024).

मरणाची आज्ञा : सेवाग्राम आणि शांतिनिकेतन

आता आपल्या देशातील कामाकडे वळू. विदर्भातील वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. साहजिकच सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या पुढाकाराने या रोगावरील संशोधनाची दीर्घ परंपरा उभी राहिली. तेथील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रातील डॉ. एम. व्ही. आर. रेड्डी, डॉ. कल्याण गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या ‘ब्रुगिया मलायी’ या कृमीवर आपल्या परिचयाच्या वनस्पती तपासल्या. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निर्गुडीची मुळे आणि बेलाची पाने यांच्या मिथेनॉलमधील अर्काने या कृमीच्या रक्तात फिरणाऱ्या पिल्लांची, म्हणजे मायक्रोफायलेरियांची, हालचाल थांबलेली दिसली. निर्गुडी शेताच्या बांधावरची आणि बेल देवळाच्या आवारातला. पुढे या गटाने असे अर्क कृमीत ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण करतात का, आणि त्या ताणाने पेशींचे नियोजित मरण सुरू होते का, या दिशेने शोध चालू ठेवला.

जनुकांपर्यंत पोहोचणारा पुरावा शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठातून आला. जास्वंदाच्या कुळातील, दिवसभरात फुलाचा रंग बदलणारे ‘हिबिस्कस म्यूटाबिलिस’ हे झुडूप तेथील संशोधकांनी घेतले आणि त्याच्या पानांतून फेरुलिक आम्ल वेगळे केले. हे आम्ल आपल्या गव्हाच्या व तांदळाच्या कोंड्यातही असते. गुरांमध्ये आढळणाऱ्या ‘सेटारिया सर्वी’ या हत्तीरोगकृमीच्या चुलत्यावर ते वापरले असता कृमीचे ऑक्सिडीकरणविरोधी संरक्षण ढासळले, मरण रोखणाऱ्या ‘सेड-9’ ची क्रियाशीलता घटली आणि ‘एगल-1’ ची वाढली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आपल्या विषयाचे नेमके उदाहरण आहे. येथे वनस्पतीतील द्रव्याने कृमीला बाहेरून जाळलेले नाही. त्याने कृमीच्याच दप्तरातील मरणाचे उतारे काढावयास लावले आहेत.

हे वाचून उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. पण डॉक्टरांनी लगेच दुसरा प्रश्न विचारावयास हवा. मरणाची हीच आज्ञा माणसाच्या पेशीत कोण देते? उत्तर विचार करावयास लावणारे आहे. मानवी ‘बीसीएल-2’ हे जनुक ‘सेड-9’ चे सख्खे नातलग. 1992 मध्ये ते मानवी जनुक कृमीत घातले असता कृमीच्या काही पेशींचे मरण त्याने रोखले. इतके हे नाते जवळचे! आणि आपले वावडिंग? त्यातील एम्बेलिन हे मानवी पेशीतील ‘एक्सआयएपी’ या मरणरोधक प्रथिनाला बांधून निष्प्रभ करते, असे 2004 मध्ये दाखविण्यात आले. कर्करोगाच्या संशोधनात त्याला महत्त्व आले ते त्यामुळेच. जे द्रव्य कृमीच्या पेशीला मरणाकडे ढकलू शकते, ते आपल्या पेशीलाही ओळखते. म्हणून ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण शास्त्राला मान्य नाही.

बचावाची आज्ञा : चित्रकाचा धडा

कृमी कोट्यवधी वर्षे वनस्पतींच्या विषांबरोबर जगत आला आहे. विष ओळखून त्याचा निचरा करणारी जनुकांची फौजच त्याच्याकडे आहे. ‘स्किन-1’ नावाचे एक नियंत्रक प्रथिन धोक्याची सूचना मिळताच पेशीकेंद्रात शिरते आणि विष निष्प्रभ करणाऱ्या अनेक जनुकांचे उतारे एकदम सुरू करते. आपल्या शरीरात हेच काम ‘एनआरएफ-2’ करते.

चित्रकाच्या मुळातील प्लंबॅजिन या द्रव्याचा सी. एलेगन्सवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या मात्रेत प्लंबॅजिन कृमीला विषारी ठरले. पण अल्प मात्रेत कृमीचे आयुष्य चक्क वाढले! ‘स्किन-1’ निकामी असलेल्या कृमींत मात्र हा लाभ दिसला नाही. म्हणजे थोड्या विषाने कृमीची बचावयंत्रणा जागी झाली आणि तो अधिक काटक बनला. चित्रकाचे मूळ वापरण्यापूर्वी चुन्याच्या निवळीत शोधन करावे, असा आयुर्वेदाचा दंडक आहे. या द्रव्याची तीव्रता जुन्या वैद्यांना पुरेपूर ठाऊक होती, हे त्यावरून दिसते.

सी. एलेगन्स हा मातीतला मुक्त कृमी आहे. त्याच्यावरील निष्कर्ष मुलाच्या आतड्यातील अंकुशकृमीला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु एक तत्त्व त्यातून स्पष्ट होते. अपुऱ्या मात्रेला ‘निदान अपाय तरी नाही’ असे म्हणता येत नाही. आणि घरगुती काढ्याची मात्रा कोण मोजतो? चिमूटभर कोणाची, पाणी किती, उकळले किती, हे घरोघरी वेगळे. शिवाय बाजारात वावडिंग म्हणून मूळ ‘एम्बेलिया रायब्स’ ऐवजी एम्बेलियाच्या दुसऱ्या जातीची, कधी ‘मीसा’ या भलत्याच झुडपाची फळेही विकली जातात. पुडीवरचे नाव तेच, आतले द्रव्य निराळे.

निपाणीचा तंबाखू आणि कृमीचे ग्राहक

आपल्या भागाला विशेष जवळचे उदाहरण म्हणजे निपाणीचा तंबाखू. निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. त्यातील निकोटिन हेही वनस्पतिजन्य द्रव्यच, आणि कृमींच्या औषधांच्या इतिहासात त्याला मानाचे, पण धडा शिकविणारे स्थान आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोरचूद व निकोटिन सल्फेट यांचे मिश्रण मेंढ्यांना जंतांसाठी पाजीत असत. निकोटिन कृमीच्या स्नायूंवरील ज्या ग्राहक प्रथिनांना चिकटते, त्याच ग्राहकांवर आपली लेव्हामिझोल व पायरँटेल ही औषधे काम करतात. स्नायू आखडतो, जंताची पकड सुटते आणि तो बाहेर पडतो. निकोटिनपेक्षा ही औषधे माणसाला कितीतरी सुरक्षित आहेत, कारण तीत कृमीचा ग्राहक आणि माणसाचा ग्राहक यांतील फरक साधला आहे.

निकोटिन फार काळ मिळत राहिले तर कृमी काय करतो, याचाही अभ्यास झाला आहे. सी. एलेगन्सला सतत निकोटिनमध्ये ठेवल्यास त्याच्या ग्राहकांचे प्रमाण बदलते, हे 2000 मध्ये दाखविले गेले. त्याच्या मायक्रोआरएनएंची क्रियाशीलता बदलते, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे उतारे अडविणारी यंत्रणाच निकोटिन हलविते. विडीकाम चालणाऱ्या घरांतील मुलांच्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो. तंबाखूचे पाणी पाजून जंत पाडण्याचा उपाय कोणी सुचविला तर तो प्राणघातक ठरू शकतो. मुलाच्या चेतासंस्थेत हेच ग्राहक आहेत.

दप्तरच बदलले तर?

आतापर्यंत आपण उताऱ्यांविषयी बोललो. पण कधी कधी मूळ दप्तरातील अक्षर बदलते आणि ते पिढ्यान् पिढ्या चालते. अल्बेंडाझोल हे औषध कृमीच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला बांधते. त्या प्रथिनाच्या जनुकात 167, 198 किंवा 200 या स्थानी एक अक्षर बदलले की औषधाची पकड सुटते. मेंढ्यांच्या ‘हिमाँकस’ या रक्तपिपासू कृमीत अशी प्रतिकारशक्ती जगभर पसरली आहे. आपल्या धनगर बांधवांनाही ‘औषध पाजले तरी जंत जाईनात’ हा अनुभव येतो तो यामुळेच. माणसाच्या कृमींतही अशा बदलांवर शास्त्रज्ञांची नजर आहे. नव्या द्रव्यांची गरज आहे ती याच कारणाने, आणि वनस्पतींकडे पुन्हा वळण्याचे खरे प्रयोजनही हेच आहे. आपल्या बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र 2006 पासून आहे. राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था या नावाने ते आज काम करते. पश्चिम घाटाच्या कुशीत वसलेल्या या शहराला हे भूषणावह आहे.

दवाखान्यात याचा उपयोग काय?

एक उदाहरण देतो. चिकोडीकडच्या एका खेड्यातील सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. चेहरा पांढराफटक, धाप लागलेली, हिमोग्लोबिन 6 ग्रॅम. शौचतपासणीत अंकुशकृमीची अंडी. घरी कित्येक महिने वावडिंगाचा काढा चालू होता आणि शाळेत मिळालेली गोळी ‘उष्ण पडेल’ म्हणून दिलेली नव्हती. आजी म्हणाल्या, ‘‘आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ह्येच देत आलोय, डॉक्टरसाहेब. झाडपाल्यानं अपाय कुठं हुतो?’’ मी म्हणालो, ‘‘आजी, झाडात औषध आहे हे खरंच. पण औषध आहे म्हणूनच ते मोजून द्यावं लागतं. काढा मोजता येत नाही, गोळी येते.’’ त्यांना ते पटले. गोळी आणि लोहाचे औषध सुरू झाले आणि काही महिन्यांत मुलगी शाळेत धावू लागली. आजींच्या ज्ञानाचा अपमान न करता त्यांना पुढच्या पायरीवर आणता येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

म्हणून सहकारी डॉक्टरांना आणि पालकांना काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात.

1) राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोल दिले जाते. दोन वर्षांवरील मुलांना 400 मिलिग्रॅम, तर 1 ते 2 वर्षे वयाच्या बालकांना 200 मिलिग्रॅम. ही गोळी चुकवू नये. लहान मुलांना ती चुरडून, पाण्यातून द्यावी.

2) सुतासारख्या बारीक जंतांसाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे. नाहीतर जंत घरातल्या घरात फिरत राहतात.

3) झोपेत दात खाणे किंवा नाकात बोट घालणे यावरून जंतांचे निदान करू नये. फिकेपणा, खुंटलेली वाढ, गुदद्वाराशी रात्री येणारी खाज ही लक्षणे अधिक महत्त्वाची.

4) कृमिघ्न वनस्पती वापरावयाच्याच असतील तर त्या पदवीधर वैद्यांच्या सल्ल्याने वापराव्यात. गरोदर स्त्रियांनी वावडिंग व चित्रक स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. डॉक्टरांनीही औषधाचा पूर्वेतिहास विचारताना ‘घरगुती काय देता?’ हा प्रश्न न विसरता विचारावा, आणि तो रागावून विचारू नये.

5) शौचालयाचा वापर, शेतात व परसात पायांत वहाणा, कापलेली नखे, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात आणि धुऊन घेतलेली पालेभाजी, हे चरकांचे निदानपरिवर्जन होय. जनुकशास्त्र कितीही पुढे गेले तरी या ओळीला पर्याय नाही.

सेवाग्रामच्या निर्गुडीपासून निपाणीच्या तंबाखूपर्यंत, बांधावरच्या आणि परसातल्या या झाडांत कृमीच्या जनुकांशी बोलणारी द्रव्ये आहेत, यात आता शंका उरलेली नाही. मात्र अर्काने बशीतील कृमी मरणे आणि त्या अर्काचे औषध बनून ते मुलाला निर्धास्तपणे देता येणे, यांमध्ये शुद्धीकरण, मात्रानिश्चिती, विषारीपणाची परीक्षा आणि माणसांवरील चाचण्या अशी लांब वाट आहे. ती वाट चालण्याचे काम संशोधकांचे. ती पुरी होईपर्यंत प्रत्येक मुलाला मोजलेली गोळी मिळेल, प्रत्येकाच्या पायांत चप्पल असेल, हे पाहण्याचे काम मात्र आपणा सर्वांचे आहे.